ओला पंचा आणि मुंबईची हवा

आता आपल्या फाइव्ह गार्डन्सकडे बघा. 1896 च्या प्लेगनंतर, 1898 मध्ये, सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि दादर-माटुंगा हवेशीर आखला गेला. तिथे मे महिन्यात धावणारे मानेवर ओला पंचा टाकतात. नागपुरात तो चटकन वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. एक ग्रॅम पाण्यामागे सुमारे 580 कॅलरी. माटुंग्यात तो लवकर वाळतच नाही, कारण हवाच ओली!

1905 साली जे. एस. हॉल्डेन यांनी हेच मांडलं. तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळा. तो आकडा सुमारे 31 अंशांपुढे गेला की कोंदट जागी स्वस्थ बसलेल्या माणसाचंही अंग तापत जातं. कष्ट करणाऱ्याची मर्यादा त्याहून बरीच खाली.

आणि पलीकडे परळ-लालबागला काय चाललं होतं? सूत तुटू नये म्हणून गिरण्यांच्या विणाई खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवत. सुताची सोय, माणसाची कोंडी. घामाने आधीच निथळणाऱ्याला ओलं फडकं काय देणार? 1948 च्या कारखाने कायद्यात या कृत्रिम दमटपणासाठी वेगळं कलम घालावं लागलं.

तेव्हा धावणाऱ्यांनो, पंचा गार पाण्यात पुन्हा पुन्हा बुडवा, वाऱ्याला उभे राहा. गरगरलं तर मात्र धावणं तिथेच थांबवा.