शिकवणारीलाही शिकावं लागतं



गटात शिवणवर्गाचा विषय निघाला की आपण आधी विचारतो, "शिकवणारी कामात पक्की आहे ना?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच आहे. काम येणं वेगळं आणि ते दुसरीला शिकवता येणं वेगळं. जगाला ही गोष्ट कशी उमगली, ते आज आम्ही सांगणार आहोत.

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. जहाजं भरपूर हवी होती आणि ती बांधणारे कारागीर थोडे होते. नवी माणसं भरती केली, पण त्यांना शिकवायचं कुणी? जुने कारागीर तरबेज होते, पण "मी करतो ते बघ" यापलीकडे शिकवणं बहुतेकांना माहीत नव्हतं. तेव्हा चार्ल्स अ‍ॅलन या धंदेशिक्षणाच्या जाणकारानं आधी कारागिरांनाच शिकवायला शिकवलं. त्याच्या पायऱ्या चार: शिकणाऱ्याची तयारी करून घ्या, काम दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, शेवटी जमलं का ते तपासा.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तीच निकड आली. पुरुष लढाईवर गेले आणि यंत्राला कधी हात न लावलेल्या बायका मोठ्या संख्येनं कारखान्यांत आल्या. मग याच चार पायऱ्यांवर मुकादमांसाठी दोन-दोन तासांचे पाच वर्ग सुरू झाले. त्यात विजेच्या वायरीची एक गाठ शिकवत. शिकवणारा आधी ती नुसती तोंडानं सांगे, जमत नसे. मग न बोलता करून दाखवी; तरी जमत नसे. मग एकेक पायरी सांगत, दाखवत, मेख कुठं आहे ते समजावत शिकवी. शिकणाऱ्याकडून गाठ मारून घेताना "काय करतोस, का करतोस" हेही त्याच्याच तोंडून वदवून घेई. तेव्हा ती जमे. शिकणाऱ्याला आलं नाही, तर शिकवणं झालंच नाही, असं तिथं मानत. १९४५पर्यंत या मोहिमेतल्या निरनिराळ्या वर्गांतून साडेसतरा लाख लोक तयार झाले.

आपल्या देशालाही शिकवणाऱ्यांची उणीव भासली. कारागीर घडवणाऱ्या संस्था उभ्या करायच्या, तर तिथले निदेशक आधी घडायला हवेत. म्हणून १९४८ साली बिलासपूरजवळ कोनी इथं निदेशकांसाठी संस्था निघाली. बिलासपूर तेव्हा आपल्या विदर्भासह मध्य प्रांत-वऱ्हाडात होतं. पुढे १९७७ साली बायकांच्या व्यवसाय प्रशिक्षणासाठी दिल्लीत राष्ट्रीय, तर मुंबई आणि बंगळूरला प्रादेशिक संस्था सुरू झाल्या. तिथं शिकवणाऱ्या बायकाही घडू लागल्या.

आता आपल्या गावाकडे या. एखादी सून मजुरी बुडवून, घरच्यांची बोलणी खाऊन वर्गाला येते आणि पंधरा दिवसांत सोडून जाते. आपण म्हणतो, तिच्या हातालाच वळण नाही. पण बाही मुंढ्याला जोडताना कापड ओढायचं नाही, ओढलं तर झोल येतो, ही मेख तिला कुणी सांगितली होती का? तिच्याकडून ते पुन्हा करून घेतलं होतं का? नाही, तर बुडालेली मजुरी तिची आणि बोलही तिलाच. हा न्याय नव्हे.

म्हणून आमचं सांगणं आहे. शिकवणारी निवडताना तिचं शिवलेलं पोलकं बघाच, पण बैठकीत पंधरा मिनिटं तिला काहीतरी शिकवायलाही सांगा, आणि तेही ज्या बाईला ते मुळीच येत नाही तिला. तुरपाई असो की काज. त्या बाईला आलं, तर तुम्हाला शिकवणारी मिळाली. नाही आलं, तर तिला नाकारू नका. चार पायऱ्या शिकायला तिला चार दिवस द्या आणि त्या दिवसांचं मानधनही द्या. शिलाई मशीन घ्यायला आपण पैसे काढतोच. ते चालवायला शिकवणारीसाठीही थोडे काढू या.