ट्रेडिंग कार्डे : किंमत टिकवणारी निवड

ट्रेडिंग कार्ड म्हणजे खेळाडूचे, कार्टूनमधल्या पात्राचे किंवा एखाद्या काल्पनिक जादूचे चित्र छापलेले जाड कागदाचे कार्ड. ते बंद पाकिटातून मिळते आणि आपसांत अदलाबदल करून जमवले जाते. आत काय निघेल हे पाकीट फोडेपर्यंत कळत नाही, आणि सगळी मजा व सगळा धंदा त्यावरच चालतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिगारेटचे पाकीट दबू नये म्हणून आत पुठ्ठा घालत. त्या पुठ्ठ्यावर चित्रे छापण्यातून ही चाल पडली. इंग्लंडच्या विल्स कंपनीने क्रिकेटपटूंची मालिका १८९६ मध्ये काढली. त्या काळच्या सिगारेट-कार्डांवर ससेक्सकडून खेळणारे रणजितसिंहजीही भेटतात. पुढे सिगारेटची जागा बबलगमने घेतली आणि १९९३ मध्ये ‘मॅजिक : द गॅदरिंग’ आल्यावर कार्ड हेच खेळाचे साधन झाले.

बहुतेक कार्डांची किंमत पाकीट फोडताच उतरते. थोडी टिकतात, अगदी मोजकी वाढतात. ही मोजकी ओळखायची कशी, याची उत्तरे दुकानदार सहसा दोन देतात : दुर्मीळ कार्ड घ्या, आणि खेळाडूचे पहिले म्हणजे ‘रुकी’ कार्ड घ्या. पण या बाजारातले सर्वांत गाजलेले कार्ड या दोन्ही कसोट्यांना पुरते उतरत नाही.

ते कार्ड म्हणजे टॉप्स कंपनीच्या १९५२ च्या मालिकेतला ३११ क्रमांकाचा मिकी मँटल. न्यूयॉर्क यँकीजच्या या बेसबॉलपटूचे पहिले कार्ड आदल्याच वर्षी, १९५१ मध्ये, बोमन कंपनीने काढले होते. शिवाय टॉप्सच्या छपाईच्या तावावर मँटल दोनदा बसवला होता, म्हणजे त्याच टप्प्यातल्या इतर बहुतेक खेळाडूंच्या दुप्पट प्रती त्याच्या निघाल्या. तरी ऑगस्ट २०२२ मध्ये या कार्डाची एक उत्कृष्ट प्रत लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेली. विकणाऱ्याने ती १९९१ मध्ये ५० हजार डॉलरला घेतली होती. याचे कारण असे : मँटल ज्यात होता तो मालिकेचा शेवटचा टप्पा हंगाम संपत आल्यावर दुकानांत पोचला. तोवर पोरांचे लक्ष फुटबॉलकडे गेले होते आणि खोकी तशीच पडून राहिली. ती विकण्याचे सगळे प्रयत्न फसल्यावर १९६० च्या सुमारास आपण उरलेला माल तराफ्यावर लादून अटलांटिक समुद्रात बुडवला, असे टॉप्सचे साय बर्जर पुढे सांगत. ज्या घरांत ही कार्डे पोचली तिथेही ती खिशांतून मळली, किंवा आयांनी साफसफाईत फेकून दिली. कोरी करकरीत प्रत त्यामुळेच विरळा. मागणी मात्र आटली नाही, कारण मँटल ज्यांचा बालपणीचा नायक होता ती पिढी मोठी झाली, हाती पैसा आला आणि हरवलेले कार्ड शोधू लागली. ती पिढी ओसरल्यावरही टॉप्सचा १९५२ चा संच युद्धोत्तर कार्डांचा मानदंड मानला जात राहिला.

बेसबॉलपटू होनस वॅग्नरचे ‘टी २०६’ कार्ड हे दुर्मीळतेचे शुद्ध उदाहरण. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात काढलेल्या या मालिकेतून वॅग्नरचे कार्ड लवकरच मागे घेतले गेले. मुलांनी सिगारेटच्या नादी लागू नये म्हणून त्याने हरकत घेतली असे काही म्हणतात, तर मोबदला मिळाला नाही म्हणून असे काही. आज त्याच्या साधारण ५० ते ६० प्रतीच ज्ञात आहेत, आणि २०२२ मध्ये एक प्रत ७२ लाख ५० हजार डॉलरला विकली गेली. ती प्रत काही टवटवीत नव्हती. माल इतका कमी असला की कोपऱ्याची घडी लोक पोटात घालतात.

मँटल आणि वॅग्नर यांत एक गोष्ट सारखी आहे : ही कार्डे जपण्यासाठी कुणी छापली नव्हती. याच्या अगदी उलट चित्र १९८० च्या दशकाच्या अखेरीस दिसले. जुन्या कार्डांच्या किमती वर्तमानपत्रांत झळकू लागल्या, तशी घरोघरी मंडळी पाकिटे पेटीने घेऊन माळ्यावर रचू लागली. मुलांच्या शिक्षणाची सोय होईल असा हिशेब होता. कंपन्यांनीही छापखाने सैल सोडले. पुढे या काळाला ‘जंक वॅक्स’, म्हणजे मेणकागदी पाकिटांतली रद्दी, हेच नाव पडले. १९८९ मधले अपर डेकचे केन ग्रिफी ज्युनियरचे रुकी कार्ड देखणे आहे, खेळाडूही अव्वल. पण सर्वोच्च प्रतवारी मिळालेल्या प्रतीच हजारोंनी आहेत. त्या काळातल्या बाकीच्या असंख्य कार्डांना आज पाकिटाच्या मूळ किमतीइतकाही भाव येत नाही. ‘मर्यादित आवृत्ती’, ‘संग्राहकांसाठी खास’ असे पाकिटावर ठळक छापलेले दिसले की जाणकाराने हात आखडता घ्यावा. कंपनी ज्याला खास म्हणते ते सगळेच जपून ठेवतात, मग कमी पडणार कुठून? पोकेमॉनचे प्रकाशक स्वतःच सांगतात की मार्च २०२४ पर्यंत त्यांनी जगभरात सुमारे ६४.८ अब्ज कार्डे काढली.

म्हणून जाणकार पहिला प्रश्न विचारतो तो असा : हे कार्ड पुन्हा छापले जाऊ शकते का? जुन्या खेळाडूंच्या कार्डांना ही भीती नाही, १९५२ चे साल परत येत नाही. खेळायच्या कार्डांचे तसे नसते. ‘मॅजिक’च्या प्रकाशकांनी, विझार्ड्स ऑफ द कोस्टने, १९९५ च्या ‘क्रॉनिकल्स’ संचात जुनी कार्डे पुन्हा छापली आणि संग्राहक खवळले. त्यावर १९९६ मध्ये कंपनीने ‘रिझर्व्ह्ड लिस्ट’ जाहीर केली : या यादीतली कार्डे खेळासाठी पुन्हा छापणार नाही असे जाहीर वचन. पहिल्या, अल्फा आवृत्तीतल्या प्रत्येक दुर्मीळ कार्डाच्या जेमतेम ११०० प्रती निघाल्या होत्या. त्यातलेच एक ‘ब्लॅक लोटस’. त्याची निर्दोष प्रत २०२४ मध्ये ३० लाख डॉलरला विकली गेली. यादीबाहेरचे कार्ड स्पर्धांमध्ये चालते म्हणून महाग झाले असेल, तर पुढच्या संचात ते पुन्हा छापले जाऊन भाव कोसळण्याची टांगती तलवार कायम असते.

पोकेमॉनमध्ये सगळा खेळ आवृत्तीचा आहे. १९९९ च्या इंग्रजी बेस सेटमधला चारिझार्ड, क्रमांक ४/१०२, लाखो घरांत असेल. पण चित्राच्या डाव्या कोपऱ्याखाली पहिल्या आवृत्तीचा ठसा आहे का, आणि चौकटीच्या उजव्या कडेला करडी सावली दिसते का, हे पाहावे. ठसा असलेल्या, सावली नसलेल्या निर्दोष प्रतीने मार्च २०२२ मध्ये ४ लाख २० हजार डॉलर मिळवले. सावली असलेली, नंतर वारेमाप छापलेली प्रत दिसायला जवळपास तीच, भाव मात्र तिच्या आसपासही नाही. जपानच्या ‘कोरोकोरो’ मासिकाने १९९७-९८ मध्ये चित्रस्पर्धेच्या विजेत्यांना दिलेले ‘पिकाचू इलस्ट्रेटर’ कधी दुकानात आलेच नाही. स्पर्धांतून ३९ प्रती वाटल्या गेल्याची नोंद आहे.

दुसरा प्रश्न स्थितीचा. १९९१ मध्ये सुरू झालेली पीएसए आणि नंतरच्या बेकेट, एसजीसी, सीजीसी या संस्था कार्ड तपासून १ ते १० अशी श्रेणी देतात आणि ते पारदर्शक कवचात सीलबंद करतात. चित्र चौकटीत मधोमध बसले आहे का, कोपरे टोकदार आहेत का, कडा पांढऱ्या पडल्या आहेत का, पृष्ठभागावर ओरखडा आहे का, या चार गोष्टी पाहिल्या जातात. ९ आणि १० या श्रेणींमधला फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, किमतीत मात्र तो अनेक पटींचा पडू शकतो. या संस्था कोणत्या कार्डाच्या किती प्रतींना कोणती श्रेणी दिली याचे आकडे उघड ठेवतात. खरेदीआधी ते पाहणे हा गृहपाठच. कवचावर आंधळा विश्वासही बरा नव्हे. पीएसएने सर्वांत आधी श्रेणी दिलेले कार्ड म्हणजे एकेकाळी हॉकीपटू वेन ग्रेट्स्कीकडे असलेला वॅग्नर. त्याच्या कडा आपणच कापून सरळ केल्याचे लिलावदार बिल मॅस्ट्रोने २०१३ मध्ये न्यायालयात कबूल केले.

तिसरा प्रश्न वेळेचा, आणि इथे भलेभले फसतात. कोरोनाच्या टाळेबंदीत लोक घरी बसले आणि कार्डांना उधाण आले. १९८६ च्या फ्लीअर संचातल्या मायकेल जॉर्डनची १० श्रेणीची प्रत जानेवारी २०२१ मध्ये ७ लाख ३८ हजार डॉलरला गेली. पुढच्याच वर्षी तशीच प्रत २ लाखांच्याही खाली मिळू लागली. जॉर्डन तोच, कार्डही तेच. २०२१ च्याच मार्चमध्ये पीएसएने कामाच्या ढिगाऱ्यापुढे हात टेकून बहुतेक सेवा थांबवल्या, तर मे महिन्यात ‘टार्गेट’ या अमेरिकी दुकानसाखळीने सुरक्षेच्या कारणावरून दुकानांतली कार्डविक्री बंद केली. खरेदी थांबवण्याची याहून स्पष्ट खूण कोणती असणार? नवख्या खेळाडूचे कार्ड पहिल्या हंगामाच्या गाजावाजात घेणे हाही याच जातीचा जुगार. एक गुडघा दुखावला की सगळा हिशेब कोलमडतो.

भारतात या छंदाची वाट वेगळी आहे. नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्याच्या शाळांत मधल्या सुट्टीत डब्ल्यूडब्ल्यूएफच्या ट्रम्प कार्डांवर डाव रंगत. त्या कार्डांना आठवणींचे मोल मोठे, पण आवृत्ती आणि छपाई यांचा धड माग लागत नसल्याने संग्राहकांचा बाजार त्यांच्याभोवती उभा राहिला नाही. पोकेमॉनची जी स्वस्त पाकिटे स्टेशनरीच्या दुकानात लोंबकळतात, ती बहुधा बनावट असतात. चकचकीत सोनेरी कार्ड दिसले की तिथेच शंका घ्यावी. ‘मॅजिक’च्या कार्डाची पारख भिंगाखाली होते : मागच्या बाजूच्या हिरव्या ठिपक्यात लाल रंगाचे चार बारीक बिंदू काटकोनात बसलेले दिसतात, नकलेत ते सहसा जुळत नाहीत.

मुंबई आणि कोकणातल्या संग्राहकाचा खरा शत्रू पावसाळा. चमकीच्या कार्डाचा कागद ओल शोषतो, वरचा धातूचा थर शोषत नाही, आणि कार्ड पन्हाळीसारखे वाकते. पातळ प्लास्टिकचे आवरण, त्यावर कडक खोळ, हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि उन्हापासून दूर जागा, एवढी सोय लागतेच. श्रेणी लावून घ्यायला कार्ड अमेरिकेला पाठवायचे तर कुरियर, विमा, शुल्क आणि परतीच्या वेळची कस्टम्स असा खर्च चढत जातो. हजार-दोन हजारांच्या कार्डाला तो परवडत नाही.

विक्रीच्या बातम्यांतले आकडेही तपासून वाचावे लागतात. मोठ्या लिलावगृहांच्या जाहीर किमतीत खरेदीदाराकडून घेतलेले कमिशन धरलेले असते, ते विक्रेत्याच्या हाती येत नाही. ईबे या संकेतस्थळावर विकले तर १३ टक्क्यांच्या आसपास रक्कम कापली जाते. विक्रेत्याने मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष झालेला सौदा यांतले अंतर तिथे पूर्ण झालेल्या विक्रीच्या यादीत दिसते. गेल्या तीन महिन्यांत त्याच श्रेणीची प्रत किती वेळा विकली गेली हेही त्याच यादीत पाहावे. वर्षभरात एकही विक्री नसलेल्या कार्डाला भाव सांगणारे पुष्कळ असतात, घेणारा शोधावा लागतो.