एडवर्ड डर्विन्स्की : विधिमंडळातून माजी सैनिकांच्या मंत्रिपदाकडे

राज्यसंस्था तरुणाला रणांगणावर धाडते, तेव्हा त्याच्याशी एक अलिखित करार करीत असते. त्या कराराची खरी कसोटी तोफा थंडावल्यानंतर लागते. बेळगावसारख्या, मराठा लाईट इन्फन्ट्रीचे केंद्र असलेल्या नगरीत हे विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही. या दृष्टीने अमेरिकेतील एका लोकप्रतिनिधीची कारकीर्द उद्‌बोधक आहे.

शिकागो येथे १९२६ साली पोलिश वंशाच्या कुटुंबात जन्मलेले एडवर्ड डर्विन्स्की दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होते. इलिनॉय राज्याच्या विधिमंडळात उमेदवारी करून ते १९५९ साली रिपब्लिकन पक्षातर्फे राष्ट्रीय प्रतिनिधिगृहात गेले आणि चोवीस वर्षे तेथे राहिले. १९८२ मध्ये मतदारसंघांची फेररचना झाली व पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. पुढील काही वर्षे त्यांनी परराष्ट्र खात्यात काढली.

माजी सैनिकांचा कारभार १९३० पासून एका स्वतंत्र प्रशासनाकडे होता. परंतु त्याच्या प्रमुखास मंत्रिमंडळात अधिकाराचे स्थान नव्हते. २५ ऑक्टोबर १९८८ रोजी अध्यक्ष रेगन यांनी तत्संबंधी कायद्यावर स्वाक्षरी केली. १५ मार्च १९८९ रोजी नवे खाते अस्तित्वात आले आणि थोरल्या बुश यांच्या मंत्रिमंडळात डर्विन्स्की त्याचे पहिले मंत्री झाले.

पहिलाच प्रश्न बिकट होता. व्हिएतनाममध्ये फवारलेल्या ‘एजंट ऑरेंज’ या वनस्पतिनाशकामुळे व्याधी जडल्याची सैनिकांची तक्रार होती. भरपाई नाकारणारे सरकारी नियम मे १९८९ मध्ये न्यायालयाने रद्द ठरविले. वरच्या न्यायालयात दाद मागून कालहरण करणे शक्य होते. डर्विन्स्की यांनी तसे केले नाही. १९९० मध्ये व्हिएतनाममध्ये सेवा केलेल्यांच्या काही कर्करोगांना त्यांनी भरपाईस पात्र ठरविले. शासनाची प्रतिष्ठा खटला जिंकण्यात नसून न्याय करण्यात असते, हे जाणणारा हा निर्णय होता.

परंतु ज्यांच्यासाठी त्यांनी हे केले, त्यांच्याच संघटनांशी पुढे त्यांचा संघर्ष झाला. ग्रामीण भागातील सैनिकी रुग्णालयांत खाटा रिकाम्या राहत. तेथे इतर गरीब रुग्णांवरही उपचार करावेत, अशी योजना १९९२ मध्ये पुढे आली. रिकामी खाट आणि दारातला रुग्ण यांची गाठ घालणे मंत्र्यांना व्यवहार्य वाटले. सैनिकांना मात्र ती रक्त सांडून मिळविलेल्या हक्कातील वाटणी वाटली. योजना मागे पडली. अध्यक्षीय निवडणूक तोंडावर असताना, सप्टेंबर १९९२ मध्ये, डर्विन्स्की यांना पद सोडावे लागले. २०१२ साली ते निवर्तले.

दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते, हेच या प्रकरणाचे मर्म होय. विधिमंडळातील सदस्य आपल्या मतदारांचा वकील असतो. मंत्र्याला मात्र वकिली आणि न्यायदान ही दोन्ही कामे एकाच आसनावरून करावी लागतात. एजंट ऑरेंजच्या प्रश्नात ही दोन्ही कर्तव्ये एका दिशेने गेली. रुग्णालयांच्या प्रश्नात ती परस्परांसमोर उभी ठाकली. हक्क आणि करुणा यांच्यात निवड करावी लागते तेव्हा केवळ सद्‌हेतू पुरत नाही; ज्यांचा हक्क आहे त्यांना आधी विश्वासात घ्यावे लागते. विद्यार्थ्यांनी या चरित्रातून एवढे जरी घेतले, तरी ते वाचल्याचे सार्थक होईल.