चवदार तळ्याचा दावा

1927 सालचा डिसेंबर. महाडच्या दिवाणी कोर्टात तुम्ही मागच्या बाकावर बसला आहात. बारा तारखेला गावातल्या काही स्पृश्य मंडळींनी दावा लावला आणि चौदाला तात्पुरता मनाई हुकूम निघालाही. नऊ महिन्यांपूर्वी, 20 मार्चला, डॉ. आंबेडकर चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरून पाणी प्याले. त्यांच्यामागून हजारो माणसं प्याली. आता त्याच पाण्याशी पुन्हा जायचं तर कोर्टाचा हुकूम आडवा आलाय.

तुमचं रक्त तापलंय. ते तापायलाच हवं. पण दाव्याची नक्कल हातात घ्या, पेन्सिल काढा आणि वादी नेमकं काय म्हणतात ते शोधा. खुणा करत गेलात की दोन वेगळी विधानं हाती लागतात. पहिलं असं की तळं खाजगी आहे, स्पृश्यांच्या मालकीचं आहे. दुसरं असं की मालकी कुणाचीही असो, अस्पृश्यांनी इथलं पाणी घ्यायचं नाही ही रूढी अनादी काळापासून चालत आली आहे. पहिलं विधान कोसळलं तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही, आणि दावा लिहिणाऱ्या वकिलाची सारी भिस्त यावरच आहे.

तुम्ही घाईनं समासात लिहिता: ‘तळं नगरपालिकेचं, 1924 च्या ठरावानं सर्वांना खुलं.’ हे पहिल्या विधानाला उत्तर झालं. पण रूढीनं स्पृश्यांना खरोखरच हक्क मिळाला असेल, तर तो नगरपालिकेच्या एका ठरावानं कसा बुडेल? पेन्सिल तिथं थांबते. थांबू द्या. कच्चा वकील इथं आवाज चढवतो; मुरलेला वकील समोरच्याच्या विधानाला कशाकशाचा आधार लागतो ते तपासू लागतो.

बाहेर दुसऱ्या सत्याग्रहासाठी माणसं जमली आहेत. हुकूम मोडायचा की नाही यावर खल होतो, आणि अखेर मिरवणूक पाण्याला हात न लावता तळ्याला वळसा घालून परत येते. माझ्या मते त्या दिवसाचं धैर्य मार्चमधल्या धैर्यापेक्षा तसूभरही कमी नव्हतं. न्याय आपल्या बाजूला आहे याची खात्री असताना तो कोर्टात शाबीत होईपर्यंत दम धरणं फार जड जातं.

मधली वर्षं भराभर ओलांडा. 8 जून 1931 रोजी महाडचं कोर्ट दावा फेटाळतं. 1933 मध्ये ठाण्यातलं अपीलही फेटाळलं जातं.

आता तुम्ही मुंबईत, हायकोर्टात आहात. 17 मार्च 1937. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड निकाल देताहेत. पंधरा वर्षांपूर्वी अहमदाबादेत गांधीजींना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा देणारे न्यायाधीश ते हेच.

निकाल ऐकण्याआधी एक जड काम करा: वादींचे वकील व्हा आणि त्यांची बाजू होईल तितकी भक्कम मांडा. 1924 च्या ठरावापूर्वी अस्पृश्यांनी या तळ्यातून कधी पाणी घेतल्याचा पुरावा नाही. माणसांच्या आठवणीत जे सतत चालत आलं ते अनादी काळापासून चालत आलं असावं, असं अनुमान काढायला कायदा वाव देतो. शिवाय देवळांच्या खटल्यांचे दाखले हाताशी आहेत, आणि त्यांत जुनी वहिवाट ग्राह्य धरलेली आहे. आता या मांडणीत खोटं वाक्य शोधून दाखवा. सापडणार नाही, आणि म्हणूनच ती धोक्याची आहे.

ब्रूमफील्ड दाखल्यांना खोटं ठरवत नाहीत. देऊळ आणि तळं यांत फरक काय, एवढंच ते विचारतात. देऊळ कुणीतरी कुणासाठी तरी अर्पण केलेलं असतं. तिथं ठरावीक जातीच पिढ्यान्‌पिढ्या जात असतील आणि इतरांनी ते मानलं असेल, तर ते त्या जातींसाठीच अर्पण झालं असावं असं धरता येतं. मग प्रवेश मागणाऱ्यावर आपला हक्क शाबीत करण्याचा बोजा पडतो. हे तळं मात्र चार-पाच एकरांचं, आभाळाखाली उघडं. ते कुणी केलं, केव्हा केलं, कुणालाच ठाऊक नाही. ते स्पृश्यांसाठी अर्पण झालं असं कशावरून धरायचं? आणि भोवती त्यांची घरं उभी राहण्यापूर्वी इथं कुणाला अडवण्याचा प्रयत्न तरी कोण करत असेल? तेव्हा या रूढीचा उगम कायदेशीर होता असं अनुमान निघत नाही, शाबितीचा बोजा वादींवरच राहतो आणि तो त्यांना पेलत नाही. अपील फेटाळलं जातं.

तुम्ही पुढचं वाक्य कान देऊन ऐकता. ही रूढी अन्यायाची आहे, असं न्यायमूर्ती आता म्हणतील अशी तुमची अपेक्षा आहे. ते म्हणत नाहीत. रूढी शाबीत झाली असती, तर ती अवाजवी किंवा लोकहिताविरुद्ध आहे का, हे पाहावं लागलं असतं. आता त्याची गरज उरली नाही, असा त्यांचा सूर आहे. तळं जिंकलं, पण ज्या प्रश्नासाठी महाड पेटलं होतं तो खुलाच राहिला. हा निकाल शिकवताना विद्यार्थ्यांना त्याची ही मर्यादा सांगितलीच पाहिजे, असं मला कळकळीनं वाटतं. दहा वर्षांनी हाती आलेला विजय पुराव्याच्या उणिवेवर उभा होता. पुरावा भक्कम असता तर?

त्याचं उत्तर शोधायला 26 जानेवारी 1950 ला या. याच दाव्यातले एक प्रतिवादी, डॉ. आंबेडकर, राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. घटनेचं कलम 15 उघडा: जात किंवा धर्म यांच्या कारणावरून विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापराला अटकाव करता येणार नाही. मग कलम 13 वाचा: ‘कायदा’ या शब्दात तिथं रूढी आणि वहिवाटही धरलेल्या आहेत, आणि मूलभूत हक्कांशी विसंगत असेल तेवढा कायदा शून्य ठरतो.

आता जुनी फाईल पुन्हा उघडा. वादींचा एकूण एक साक्षीदार खरा माना, रूढी हजार वर्षांची आहे हेही शाबीत धरा, आणि निकाल लिहायला घ्या.