लॉकिंग डिफरन्शियल : ट्रकच्या अ‍ॅक्सलसाठी निवड व बसवणी

ट्रकच्या अ‍ॅक्सलमधले दोन्ही हाफ-शाफ्ट एकमेकांना जखडून दोन्ही बाजूंची चाके एकाच वेगाने फिरवणारी यंत्रणा. टिपर, खाणीतले डंपर आणि लष्करी ट्रक यांत ती बहुधा कारखान्यातूनच येते. हलक्या फोर-बाय-फोर गाड्यांत मालक ती मागाहून बसवून घेतात. ट्रॅक्टर चालवणाऱ्यांना डिफरन्शियल लॉकच्या पेडलामुळे ती परिचित आहे.

तत्त्व : चाकांमधले अंतर 1.8 मीटर असलेला ट्रक काटकोनात वळला, तर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे 2.8 मीटर जास्त धावते. वळण ऐसपैस असो की अरुंद, हा फरक तेवढाच राहतो. तो सामावून घेण्यासाठी साधे डिफरन्शियल असते. पण ते दोन्ही चाकांना टॉर्क सारखाच वाटते. त्यामुळे चिखलात रुतलेले चाक जेवढा टॉर्क पेलू शकते, तेवढाच कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही मिळतो आणि ट्रक जागेवर घुरघुरत राहतो. लॉक लागला की ही समान वाटणी संपते. पकड असलेले चाक मग सगळाच्या सगळा टॉर्क घेऊ शकते, आणि तो एकाच हाफ-शाफ्टमधून जातो. निवडीचा विचार इथूनच सुरू व्हायला हवा.

इतिहास : डिफरन्शियलचे श्रेय सामान्यतः फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर याला (1827 च्या सुमारास) दिले जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन लष्करी ट्रकांतून थॉर्नटनचा ‘नोस्पिन’ हा स्वयंचलित लॉकर पुढे आला. त्याचाच वारसा सांगणारा ‘डेट्रॉइट लॉकर’ आज ईटन कंपनीकडे आहे.

प्रकार : स्वयंचलित लॉकर सरळ चालताना दोन्ही चाके जखडूनच ठेवतो आणि वळणावर बाहेरच्या चाकाला मोकळे सोडतो. पुन्हा पकड घेताना तो मोठ्याने ‘खटॅक’ असा आवाज करतो. नवख्या चालकाला वाटते की गिअर तुटला. दोन्ही बाजूंचे टायर कमी-जास्त झिजलेले असतील, तर हा लॉकर नीट वागत नाही. चालकाच्या हाती असणारे लॉक हवेवर, तारेवर किंवा विजेवर चालतात. जड ट्रकात एअर ब्रेकसाठी हवेची टाकी असतेच, म्हणून तिथे हवेवरचा लॉक सोयीचा. हलक्या गाडीत त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागतो. तिसरा प्रकार मूळ केसमधले फक्त आतले गिअर बदलतो. तो स्वस्त आणि झटपट होतो, पण जुन्या केसची ताकद तीच त्याची मर्यादा.

लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल हा वेगळा विषय आहे.

निवड : कंपनीचे नाव सर्वांत शेवटी बघावे. आधी अ‍ॅक्सलचे मॉडेल, हाफ-शाफ्टवरच्या स्प्लाइनची संख्या आणि क्राऊन-पिनियनचे गुणोत्तर तपासावे. अमेरिकन पाऊण टनी व एक टनी ट्रकांत गाजलेला डाना 60 हा अ‍ॅक्सल याचे चांगले उदाहरण. त्याचे शाफ्ट 30 स्प्लाइनचेही मिळतात आणि 35 स्प्लाइनचेही. 4.10 आणि त्याखालच्या गुणोत्तराला एक केस लागते, 4.56 आणि त्यावरच्या गुणोत्तराला दुसरी. चुकीची केस आणली तर क्राऊन पिनियनपर्यंत नीट पोहोचतच नाही. एकच लॉक घ्यायचा असेल, तर माल वाहणाऱ्या ट्रकाला तो मागे घ्यावा, कारण भार तिथेच असतो. पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये स्वयंचलित लॉकर टाकल्यास स्टिअरिंग जड होते.

बसवणी : पूर्ण केस बदलताना सगळे कौशल्य मोजमापात असते. हौसिंग उघडण्यापूर्वीच जुना बॅकलॅश (क्राऊन आणि पिनियनच्या दातांमधली मोकळीक) डायल गेजने मोजून लिहून ठेवावा. बेअरिंग कॅपवर डावी-उजवी खूण करावी. या कॅप हौसिंगवर बसवूनच कोरलेल्या असतात, त्यामुळे त्यांची अदलाबदल चालत नाही. जुने शिम कोणत्या बाजूचे, हेही नोंदवावे. काही अ‍ॅक्सलमध्ये क्राऊनचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात. न बघता जोर लावला की बोल्ट मोडतो.

नव्या केसवर नवीन बेअरिंग दाबून बसवतात. क्राऊन, शक्यतो नव्या बोल्टांनी आणि थ्रेडलॉकर लावून, समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क रेंचने आवळतात. मग खरे काम सुरू होते. क्राऊन पिनियनपासून दूर सरकवला की बॅकलॅश वाढतो, जवळ आणला की कमी होतो. यासाठी एका बाजूचा शिम काढून तेवढ्याच जाडीचा दुसऱ्या बाजूला घालावा, म्हणजे एकूण जाडी आणि बेअरिंगवरचा ताण बदलत नाही. हलक्या ट्रकांत 0.15 ते 0.25 मिलिमीटर बॅकलॅश सर्वसाधारणपणे ठेवतात, जड अ‍ॅक्सलला त्याहून जास्त. अंतिम शब्द त्या अ‍ॅक्सलच्या पुस्तिकेचा. क्राऊनवर तीन-चार ठिकाणी मोजावे. एकाच जागेचे माप फसवते.

शेवटी दातांना मार्किंगचा रंग लावून क्राऊन फिरवतात आणि ठसा बघतात. ठसा दाताच्या मधोमध हवा. तो दाताच्या टोकाकडे सरकला, तर पिनियन क्राऊनपासून दूर आहे. मुळाशी गेला, तर फार जवळ. हे दुरुस्त करायला पिनियन पुन्हा काढावे लागते, म्हणून अनेक ठिकाणी ही तपासणी टाळली जाते. तिथेच पुढच्या वर्षीचा घरघराट जन्माला येतो. हवेच्या लॉकला यापुढे हौसिंगला भोक पाडून हवेची नळी आत घ्यावी लागते. ती फिरत्या क्राऊनला घासणार नाही अशी बांधावी आणि धातूचा एकही कण आत राहू देऊ नये.

स्टार पिनियन वेल्डिंग मारून पक्के करण्याचा ‘स्वस्त लॉक’ रस्त्यावरच्या ट्रकाला कधीही करू नये.

तेल : बहुधा जीएल-5 दर्जाचे गिअर ऑईल.

भारतात : पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखा गाडीत पुढे आणि मागे असे दोन्ही लॉक कारखान्यातूनच मिळतात. महिंद्राच्या थारच्या काही प्रकारांत मागे ईटनचा यांत्रिक लॉक असतो. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे 100 फेऱ्यांचा फरक पडला की तो आपोआप लागतो. सहा-बाय-चार टिपरांत चाकांमधला आणि दोन अ‍ॅक्सलमधला असे दोन वेगळे लॉक असू शकतात, त्यांची बटणे ओळखून घ्यावीत. मागाहून लॉक बसवणाऱ्याने मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 52 बघावे आणि आरटीओत विचारून घ्यावे.

वापर : ट्रक रुतण्याआधीच लॉक, गाडी थांबवून किंवा अगदी हळू चालत असताना लावावा, एक चाक गरगर फिरत असताना लावल्यास लॉकचे दात उडतात. तो लागलेला असताना ट्रक सरळ जाऊ पाहतो, म्हणून ओल्या घाटवळणावर तो सोडलेलाच असावा.