हरणांची शिकार (नांदेड व लातूर जिल्हे)

नांदेड व लातूर जिल्ह्यांत 'हरीण' हा शब्द बहुधा काळविटास उद्देशून वापरतात. प्राणिशास्त्रानुसार मात्र काळवीट हा कुरंग आहे. त्याची शिंगे हरणाप्रमाणे दरवर्षी गळत नाहीत.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये काळवीट पहिल्या अनुसूचीत असून त्याच्या शिकारीस ३ ते ७ वर्षांचा कारावास व दंड अशी शिक्षा आहे. कळपांनी सोयाबीन, हरभरा इत्यादी पिकांची नासाडी केली, तरी शेतकऱ्यास त्यांना मारता येत नाही.

शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे; पिस्तूल व रिव्हॉल्व्हर त्या तरतुदीत येत नाहीत. असा परवाना असला, तरी त्यामुळे शिकारीची मुभा मिळत नाही. पिकांच्या नुकसानीबद्दल वन विभागाकडे अर्ज केल्यास पंचनाम्यानंतर शासनाकडून भरपाई दिली जाते.