वात, कापूर आणि प्लॅस्टिक

प्लॅस्टिक हे मुळात तेलाचे लेकरू नव्हेच, असे मी म्हटले तर वाचक हसतील. आज घरोघरी असलेले बहुतेक प्लॅस्टिक खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांपासून होते, हे खरे. म्हणूनच मका किंवा ऊस यांपासून केलेले ‘जैव-प्लॅस्टिक’ म्हणजे काल-परवाची नवलाई, अशी आपली समजूत झाली आहे. पण इतिहास चाळू लागले की चित्र उलटे दिसते. वनस्पतींचे प्लॅस्टिक हाच थोरला भाऊ. तेलाचा तो धाकटा.

१८६०च्या दशकात अमेरिकेत बिलियर्डच्या खेळाचे वेड फार. चेंडू हस्तिदंताचे, आणि हस्तिदंत महागलेले. त्याला पर्याय काढणाऱ्यास एका व्यापाऱ्याने दहा हजार डॉलरचे बक्षीस लावले. आल्बनीच्या जॉन वेस्ली हायट या मुद्रकाने ते मनावर घेतले. कापसावर नत्राम्लाची क्रिया करून मिळणारा पदार्थ त्याने कापरासह दाबाखाली तापवला आणि १८७० साली पेटंट घेतले. तेच सेल्युलॉइड! कापूस आणि कापूर. आपल्या देवघरातलीच ही जोडी. मात्र हे बाळ मोठे भडक डोक्याचे. चेंडू एकमेकांवर जोरात आदळले की कधी कधी लहानसा बार होई. कोलोरॅडोतल्या एका क्लबवाल्याने हायटला कळवले, की आवाजाचे मला काही नाही, पण तो होताच खोलीतला प्रत्येक जण पिस्तूल उपसतो!

पुढे याच सेल्युलॉइडच्या फितीवर चित्रपट उभा राहिला. दादासाहेब फाळक्यांचा १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ तसल्याच फितीवरचा.

दुधानेही या कामी हातभार लावला. १८९०च्या दशकात जर्मनीत क्रिशे आणि स्पिटेलर यांनी दुधातल्या केसीनवर फॉर्माल्डिहाइडची क्रिया करून ‘गॅलॅलिथ’ काढले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ दूध-दगड. त्याची बटणे, फण्या आणि छत्रीच्या मुठी घरोघर गेल्या. आपल्याकडची लाख तर याहून कितीतरी जुनी. पळस, बोर आणि कुसुम यांच्या फांद्यांवर बारीक किडे ती करतात. ग्रामोफोनच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या हिच्याच बळावर बनत. आजोबांच्या पिढीने बालगंधर्वांचे गाणे घरबसल्या ऐकले, ते या किड्यांच्या कृपेने!

मग हा थोरला भाऊ मागे का पडला? १९०७ साली लिओ बेकलंडने डांबरापासून मिळणाऱ्या फिनॉलचे बेकेलाइट केले. १९३३ साली इंग्लंडात पॉलिएथिलीन सापडले. दुसऱ्या महायुद्धानंतर तेल मुबलक झाले आणि स्वस्ताईपुढे सारे हरले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मॉरिस लेम्वान्यने १९२६ सालीच एका जिवाणूच्या पोटात प्लॅस्टिकसारखा पदार्थ शोधला होता. पण त्याची आठवण जगाला झाली ती पुढे तेल महागल्यावर.

आता कचऱ्याचे ढीग पाहून आपण पुन्हा थोरल्याच्या दाराशी आलो आहोत. महाराष्ट्राने २०१८ साली आणि देशाने १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकण्याच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. दुकानदार ‘हे झाडापासून केलेले आहे’ म्हणून पेला पुढे करतो. इथेच या जुन्या हकिगतीचा उपयोग आहे, असे मला वाटते. गॅलॅलिथ दुधाचे, पण त्याची जुनी बटणे अजून शाबूत सापडतात. ब्राझीलमध्ये २०१०पासून उसाच्या अल्कोहोलचे पॉलिएथिलीन निघते. ते तेलाच्या पॉलिएथिलीनइतकेच चिवट, कारण दोहोंचे रेणू एकच. ताक आंबवणाऱ्या लॅक्टिक आम्लापासून केलेले पॉलिलॅक्टिक प्लॅस्टिक मात्र कुजते. पण त्यासाठी साठ अंशांच्या आसपास उष्णता धरणारा खतकारखाना लागतो. परसातल्या खड्ड्यात किंवा समुद्रात ते वर्षानुवर्षे तसेच पडून राहते.

तेव्हा कूळ चांगले म्हणजे शेवटही चांगला, असे नाही. फराळाची नवी ताटली घेताना ती कशापासून केली हे विचाराच. पण वापरून झाल्यावर ती कुठे आणि कशी कुजणार, हेही विचारा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर घरातले स्टीलचे ताट काढावे किंवा पळसाची पत्रावळ मांडावी, हेच शहाणपणाचे.